पहिलं उड्डाण कुणाला दाखवू नका

मागच्या दिवाळीत मी एक मूर्खपणा केला. एकट्यापुरता असता तर लिहिलं नसतं, पण आत्याचा नातू त्यात थोडक्यात वाचला, म्हणून लिहितोय.

चार महिने शनिवार-रविवार खपून मी पुण्यात एक आरसी जेट बांधलं. फोमचं, ७० मिलिमीटरचा डक्टेड फॅन, वजन दीड किलोच्या थोडं वर. ते घेऊन रत्नागिरीला घरी आलो. शहरात उडवायचा प्रश्नच नव्हता. तिथे विमानतळ आहे, तटरक्षक दलाचा तळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल विमानंही येतात आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत. म्हणून पावसच्या पुढचा एक सडा निवडला.

चूक एकच झाली. घरात बोललो! सकाळी अख्खी वाडी सड्यावर हजर. आत्याने नारळ आणलेला, पोरं मोबाईल काढून तयार. सकाळी वारा पडलेला असतो, तीच खरी वेळ. पण नारळ, फोटो, चहा यात साडेअकरा वाजले आणि समुद्रावरून वारा सुरू झाला. "उडव रे एकदाचं, ऊन चढलं," आत्या म्हणाली. मला कळत होतं की आज नको. पण म्हणायला जीभ रेटेना.

कातळावर छोटी चाकं चालत नाहीत, म्हणून चुलतभावाने हातातून फेकलं. विमान डावीकडे कललं. मी स्टिक उजवीकडे दिली, तर ते आणखी डावीकडे! आदल्या रात्री सर्व्हो बदलला होता आणि एलेरॉन उलटे चालत होते. स्टिक हलवून पंखाकडे बघायचं, दहा सेकंदांचं काम. गडबडीत तेच राहिलं. विमान पोरांच्या दिशेने गेलं आणि आत्याच्या नातवापासून दोन हातांवर आपटलं. बॅटरी धुमसायला लागली. कुणी काही बोललं नाही... आत्याही नाही.

जेटमध्ये चूक सावरायला वेळही मिळत नाही. पुढे पंखा असलेल्या विमानात पंख्याची हवा शेपटीवर जाते, त्यामुळे वेग कमी असतानाही एलेव्हेटर थोडं ऐकतो. डक्टेड फॅनची हवा नळीतून थेट मागे जाते, शिवाय फॅनला फिरकी धरायला क्षण जातो. म्हणजे वेग येईपर्यंत तुम्ही प्रेक्षकच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंग न झालेला कोड क्लायंटला दाखवणाऱ्याला हसतो. मी तेच केलं. पहिलं उड्डाण ही टेस्ट असते, डेमो नव्हे. टेस्टमध्ये "आज नको" म्हणता आलं पाहिजे आणि गर्दी नेमकं तेच म्हणू देत नाही.

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवा. ते विमान २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, उडालं मात्र २०२० मध्ये, धुळ्याला. मधली वर्षं परवानग्यांत गेली, त्याचा मलाही राग यायचा. पण प्रदर्शन वेगळं आणि चाचणी वेगळी, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

काही जण म्हणतील, लोक नसतील तर मजा काय? पोरांनी बघितलं तरच त्यांना वेड लागेल. मान्य. पण मग दहावं उड्डाण दाखवा की! ते जास्त चांगलंही होतं.

असो. दुसरं जेट बांधलं. सकाळी सात वाजता सड्यावर मी आणि चुलतभाऊ, बस्स. दोनदा वाऱ्यामुळे न उडवता परत आलो. तिसऱ्यांदा उडालं, तीन मिनिटं. आत्याच्या नातवाला बोलावलं ते आठव्या उड्डाणाला, आणि उभा केला माझ्या मागे.

नारळ तेव्हा फोडला.