तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका



निवृत्त कामगार छातीत कळ आली म्हणून जवळच्या खासगी रुग्णालयात जातो, वाचतो आणि मग बिल घेऊन ऑफिसात जातो. खिडकीवर सांगतात, "रुग्णालय यादीत नाही, बिल मिळणार नाही." तो मुकाट्याने परततो. हक्क बुडतो तो इथेच, कारण तोंडी नकारावर अपील होत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, कारणासह लेखी आदेश मागा.

शिवकांत झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले की, केवळ रुग्णालय यादीत नाही म्हणून बिल नाकारता येत नाही. उपचार खरोखर झाले का, हे पाहावे. खटला सीजीएचएसचा होता, तरी रेल्वेवाल्यांनीही निकालाची प्रत जोडावी.

वरिष्ठांनीही फेटाळले तर कॅट आहे. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपिलाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. अर्जाची फी ५० रुपये. वकिलाचा खर्च वेगळा, तो युनियनने उचलावा असे माझे मत आहे. बदल्या-बढत्यांच्या धावपळीत शाखा निवृत्तांचा नंबर शेवटी लावतात, हे बरे नाही.

नकाराचा कागद, बिले आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन शाखेत या. अर्ज आम्ही लिहून देऊ.