वर्गात जागा, पंगतीत मनाई

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याचे नाव चळवळीतील घराघरात माहीत आहे. पण पुढे पन्नास वर्षांनी त्याच विद्यापीठात लढल्या गेलेल्या एका लढ्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणाला नाही. १९ एप्रिल १९६७ रोजी कोलंबियाने समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेला अधिकृत मान्यता दिली. अमेरिकेतील विद्यापीठांत अशी मान्यता मिळालेली ही पहिली संघटना होय.

ती स्थापन करणारा रॉबर्ट मार्टिन हा विद्यार्थी स्टीफन डोनाल्डसन या टोपणनावाने ओळखला जाई. १९६५ साली तो विद्यापीठात आला आणि आपण समलिंगी आहोत हे त्याने खोलीतील सोबत्यांना सांगितले. त्यांना तो नकोसा झाला आणि त्याला वेगळ्या खोलीत जावे लागले. हे वाचताना आपल्या वाचकांना काही आठवते काय? दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात कसे वेगळे पाडले जाते, हे प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ च्या अहवालात नोंदवून ठेवले आहे. कारणे वेगळी असली तरी खोलीबाहेर काढण्याची रीत तीच आहे.

संघटनेला मान्यता हवी असेल तर सभासदांच्या नावांची यादी द्या, अशी प्रशासनाची अट होती. नाव उघड झाले तर घर तुटणार आणि नोकरीही मिळणार नाही. अशा वेळी विद्यार्थ्यांमधील काही वजनदार पुढाऱ्यांनी यादीत आपली नावे घातली. नियम पाळला गेला आणि ज्यांना झाकून राहणे भाग होते त्यांची नावेही सुरक्षित राहिली. दुसऱ्याच्या हक्कासाठी आपले नाव देणे, यालाच आम्ही बंधुता म्हणतो. राज्यघटनेच्या उद्देशिकेतील हा शब्द भाषणापुरता नाही.

३ मे १९६७ रोजी ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली आणि विद्यापीठावर संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. तेव्हा प्रशासनाने नवी मेख मारली. संघटना ठेवा, पण तिने स्नेहमेळावे भरवायचे नाहीत! न्यूयॉर्क राज्यात त्या काळी समलिंगी संबंध हा गुन्हा होता, ही सबब पुढे करण्यात आली. तो कायदा तेथील न्यायालयाने १९८० साली घटनाबाह्य ठरवला.

या मनाईचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वर्गात बसा, व्याख्यान ऐका, परीक्षा द्या. पण एकत्र जमून हसू-बोलू नका. शाळेत येऊ देऊ, पण पंगतीला नको, असे म्हणणाऱ्या व्यवस्थेला आपण चांगले ओळखतो. पंगत ही किरकोळ बाब असती तर प्रस्थापितांनी ती शतकानुशतके जिवापाड जपली असती काय? माणूस बरोबरीचा आहे की नाही, हे त्याच्यासोबत कोण बसते यावरून ठरते.

पुढे न्यू हॅम्पशायर विद्यापीठात हाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. ९ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील समलिंगी विद्यार्थ्यांनी नृत्याचा कार्यक्रम केला. तो शांततेत पार पडला, तरीही विद्यापीठाने त्यांच्या सामाजिक कार्यक्रमांवर बंदी घातली आणि राज्याच्या गव्हर्नरने निधी रोखण्याची धमकी दिली. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि जिंकले. संघटना करण्याच्या हक्कात एकत्र जमून कार्यक्रम करण्याचा हक्कही येतो, यावर अपील न्यायालयाने डिसेंबर १९७४ मध्ये शिक्कामोर्तब केले. कोलंबियातही सत्तरच्या दशकात अर्ल हॉलमध्ये या विद्यार्थ्यांचे नृत्यमेळावे भरू लागले. त्या इमारतीची २०१८ साली ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली.

आता आपल्याकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या निकालाला बाबासाहेबांच्या घटनात्मक नीतीच्या विचाराचा आधार आहे. यूजीसीने २०१६ सालीच रॅगिंगच्या व्याख्येत जातीबरोबर लैंगिक कलाचाही समावेश केला. लैंगिक कलावरून विद्यार्थ्याला छळणे किंवा वाळीत टाकणे हे रॅगिंगच ठरते. मुंबईच्या आयआयटीत २०११ साली ‘साथी’ हा गट उभा राहिला. पण तालुक्याच्या महाविद्यालयात काय? मुलींच्या वसतिगृहात दोन मैत्रिणींवर संशय आला की रेक्टर थेट घरी फोन लावतात. मग शिक्षण बंद आणि लग्नाची घाई. आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून स्पष्ट सांगतो, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे खासगी आयुष्य तिच्या मर्जीविरुद्ध घरी कळवण्याचा अधिकार रेक्टरला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितले आहे.

‘हा आपला प्रश्न आहे का?’ असे काही कार्यकर्ते विचारतील. त्यांनी १९३४ सालचा खटला आठवावा. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यात समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण हा आपला प्रश्न नव्हे, असे ते म्हणाले नाहीत.

शिवाय हे विद्यार्थी परके आहेत कुठे? तेही आपल्याच वस्तीतून, शिष्यवृत्तीवर शिकायला आलेले आहेत. शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या गटांत त्यांना आडनाव विचारले जाते आणि आपल्या बैठकीत त्यांच्या चालण्या-बोलण्याची टिंगल होते. एकीकडे जात लपवायची आणि दुसरीकडे मन! या दुहेरी कोंडीतल्या विद्यार्थ्याने जावे कुठे?

म्हणून विद्यार्थी संघटनांना आमचे सांगणे आहे. आपल्या अभ्यासमंडळाची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ या मित्रमैत्रिणींसाठी खुली करा. हजेरीपट ठेवू नका, कोणाचे नाव विचारू नका. अर्जावर सह्या लागतील तेव्हा पुढे होऊन आपल्या सह्या द्या. जयंतीच्या कार्यक्रमात ते आपल्या शेजारी बसतील, तेव्हा त्यांना हसणाऱ्याला तिथेच थांबवा. पंगतीबाहेर बसवण्याचे दुःख ज्यांच्या बापजाद्यांनी भोगले, त्यांच्या पंगतीत कोणालाही मनाई असता कामा नये.

जय भीम!