युरिया उन्हावर बनत नाही

लावणी उरकली, आता भाताला युरियाचा हप्ता द्यायचा. सोलर आलं, आता देशातलं तेल-गॅस काढायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांना विचारतो : ही ४५ किलोची गोणी कशापासून बनते? गॅसपासून. कारखाना आपल्याच रायगडात, थळला. १९७४ ला मुंबई हायला तेल लागलं, तिथला गॅस उरणला येतो. तरी देशाला लागतो त्यातला निम्म्याच्या आसपास गॅस जहाजाने बाहेरून आणावा लागतो. तिकडे युद्ध पेटलं की इकडे खताची बोंब. सोलर हवाच, उन्हाळी भाजीला पंप चालेल. पण उन्हाच्या विजेवर खत निघेल तेव्हा निघेल. तोवर घरचा गॅस आधी काढा. घरची विहीर बुजवून टँकरची वाट कोण बघतो?