वैनगंगेला सीमा कळत नाही

मृग लागला की वैनगंगेकाठची आपली घरे धान्य आणि जमिनीचे कागद माळ्यावर चढवतात. हे शहाणपण आम्हाला वाडवडिलांनी दिले. पण आता पूर केवळ आभाळातून येत नाही. वर सिवनी जिल्ह्यात भीमगडचे धरण आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मुसळधार पावसात तेथून पाणी सोडले गेले आणि बालाघाटपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत काठची गावे पाण्यात गेली.

१९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. आज मध्ये सीमा आहे. पाणी मात्र जुन्याच वाटेने जाते. धरणातून निघालेले पाणी खाली पोहोचायला तास लागतात. तेवढ्या तासांतच माणसे, गुरेढोरे वाचतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. दरवाजे उघडण्यापूर्वी दोन्ही राज्यांतील काठच्या प्रत्येक गावात दवंडी पिटावी, फोन जावा. मते मागायला येणाऱ्यांना आधी हेच विचारू. आणि सरकारची वाट पाहत बसू नये. आपले सोयरे खालच्या अंगाला आहेत. लग्नपत्रिका धाडतो, तशी पाण्याची खबरही धाडू या.