नफा कोणाचा, पाणी कोणाचे?

एकात्मिक शेती पश्चिम महाराष्ट्रात किफायतशीर ठरते, विदर्भात ठरत नाही, असा निष्कर्ष काढून तज्ज्ञ मोकळे होतात. जणू वऱ्हाडचा शेतकरीच आळशी! प्रवरेकाठी भंडारदऱ्याचे पाणी १९२६ पासून, सहकारी साखर कारखाना १९५० पासून; उसाचे वाढे गोठ्यात, शेणखत पुन्हा उसात. यवतमाळच्या कोरडवाहू रानात कापूस वेचला की सरकी जिनिंगात जाते, पऱ्हाट्या चुलीत. गोठ्याला काय उरते? सिंचनातील ही दरी दांडेकर समितीने १९८४ मध्येच मोजून दाखविली होती. हेक्टरी नफ्याचे कौतुक करणाऱ्यांनी एकदा घनमीटर पाण्यामागील नफा मांडावा. आणि हो, पहाटे शेण काढणाऱ्या घरच्या बाईची मजुरीही खर्चात धरावी. मग बागायतीचे आकडेही पुन्हा तपासावे लागतील.