शिट्टी वाजली नाही म्हणून

साकोलीकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, रात्री दंडार आणि जोडीला कबड्डीचे सामने. मी डावा कोपरा खेळायचो. एका सामन्यात समोरच्या रेडरने चढाईत माझ्या तोंडावर कोपर हाणलं. ओठ फाटला. पंचाने पाहिलंच नाही. मागून आमच्याच पोरांचा आवाज आला, "काऊन बे, सोडून देतं का त्याले?"

मी सोडलं नाही. पुढच्या चढाईत त्याचा घोटा धरला आणि तो पडल्यावरही पिळत राहिलो. आमच्या बाजूने शिट्ट्या, टाळ्या. मला पिवळं कार्ड मिळालं. दोन मिनिटं बाहेर बसलो आणि परत आत गेलो. तो पोरगा मात्र धानकापणीभर बांधावर बसून होता. त्याच्या वाट्याची कापणी त्याच्या आईने केली.

म्हणून २ फेब्रुवारी २०२५ नंतर मोबाईलवर फिरणारं "बरं केलं" मला पचलं नाही. त्या दिवशी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी गटाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळला विजयी दिलं गेलं. आपली पाठ टेकलीच नाही, असं म्हणत शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पुढे चौकशीत पंचाचा निर्णय चुकीचा ठरला आणि पंचही निलंबित झाला.

"बघा, शिवराज बरोबरच होता!" नाही. त्याची तक्रार बरोबर होती, लाथ नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नसतील तर मग प्रत्येक हरलेला पैलवान स्वतःच पंच होईल.

कॅनडातल्या आईस हॉकीत हेच झालं. फेब्रुवारी २००४ मध्ये स्टीव्ह मूरने मार्कस नास्लुंडला धडक दिली. मूरला शिक्षा झाली नाही. ८ मार्चला नास्लुंडचा सहकारी टॉड बर्तुझीने मूरला मागून ठोसा मारून बर्फावर पाडलं. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा कधीच खेळला नाही. बर्तुझीवरची बंदी दीड वर्षाच्या आत उठली. शिक्षा न झालेली एक धडक, आणि तिची किंमत एक आख्खं करिअर.

पण फक्त खेळाडूंना दटावून संघटनांना सुटता येणार नाही. २०२२ मध्ये राष्ट्रकुलच्या निवड चाचणीत पंचाला मारणाऱ्या सतेंदर मलिकवर आजन्म बंदी आली होती. तीन वर्षांच्या आत अहिल्यानगर घडलंच. नुसत्या बंदीने राग थांबत नाही, कारण राग उठतो त्या क्षणी बंदी कुणाला आठवते? त्या क्षणी हवी असते दाद. व्हिडिओ तिथेच, सगळ्यांसमोर बघा. शंका असेल तर हात वर करायच्या आधी निकाल देऊ नका. चौकशी आठवड्यांनी होते. गदा तोवर दुसऱ्याच्या घरी पोचलेली असते.

आणि आपण, प्रेक्षक? माझ्या मागून आलेला तो आवाज कुठल्याच नियमात बसत नाही, त्याला कार्ड नाही, बंदी नाही. त्या रात्री मला पंचाने उचकवलं नव्हतं. माझ्याच मित्रांनी उचकवलं होतं.

तो पोरगा नंतर बाजारात भेटला. अजून थोडा लंगडत होता. मला बघून हसला, म्हणाला, "कोपर चुकून लागलं होतं भाऊ."

मी काय उत्तर देणार होतो?