चेंडूकडे न पाहणारा गडी

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो. एक गडी चेंडू पोटाशी धरून पळत सुटतो आणि समोरचे अकरा जण त्याला आडवं पाडायला धावतात. हा पळणारा गडी म्हणजे ‘रनिंग बॅक’.

चेंडू जिथून खेळात येतो, त्या रेषेच्या साधारण 7 यार्ड, म्हणजे 21 फूट मागे तो बरेचदा उभा असतो. इतक्या मागे का? पुढचं चित्र पाहायला वेळ मिळावा म्हणून! ‘झोन’ पद्धतीत आघाडीचे 5 दणकट गडी एकेका प्रतिस्पर्ध्याच्या मागे लागत नाहीत. सगळे मिळून एकाच दिशेने सरकतात आणि आपापल्या टापूत येईल त्याला रेटतात. फट कुठे पडेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. ती रनिंग बॅकने हेरायची, एकच वळण घ्यायचं आणि सुसाट सुटायचं. घुटमळला की पकडला गेलाच!

म्हणूनच चेंडू घेताना तो चेंडूकडे पाहत नाही. क्वार्टरबॅकच्या बाजूचं कोपर वर, दुसरा हात खाली, मध्ये पोटापाशी झोळी. त्या झोळीत चेंडू नीट ठेवणं ही क्वार्टरबॅकची जबाबदारी. चेंडू पोटाला लागला की हात आपोआप मिटतात. सारा मामला विश्वासाचा!

डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाच्या टेरेल डेव्हिसने हे तंत्र गाजवलं. 1995च्या खेळाडू-निवडीत त्याच्याआधी 195 जणांची नावं पुकारली गेली होती. पण प्रशिक्षक माईक शॅनहॅन आणि आघाडीच्या फळीचे गुरू ॲलेक्स गिब्ज यांच्या पद्धतीत तो चपखल बसला.

25 जानेवारी 1998. सॅन दिएगोत ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. पहिल्याच सत्रात डेव्हिसची अर्धशिशी उठली. डोळ्यांपुढे काही दिसेना! त्याने तसं सांगितलं. पण गोलरेषा जेमतेम 1 यार्डावर होती. शॅनहॅनने त्याला एका चालीपुरतं मैदानात जायला सांगितलं. तो नसेल, तर डेन्व्हर पळण्याची चाल करणार यावर समोरचे विश्वास ठेवणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

डेव्हिस नेहमीच्या जागी उभा राहिला, नेहमीसारखी झोळी करून धावला. क्वार्टरबॅक जॉन एल्वेने चेंडू दिल्याचं नुसतं सोंग केलं. पॅकर्सचे गडी डेव्हिसकडे झेपावले आणि एल्वे चेंडू घेऊन मोकळ्या बाजूने रेषेपार!

उरलेलं दुसरं सत्र डेव्हिस बाहेर बसला. मध्यंतरानंतर दृष्टी निवळली आणि तो परतला. सामन्यात त्याने 157 यार्ड धाव आणि 3 टचडाऊन केले. डेन्व्हरने 31-24 असा पहिला सुपर बोल जिंकला, डेव्हिस सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात त्याने 2008 यार्डांची मजल मारली. नंतर गुडघ्याने दगा दिला, तरी 2017 साली तो ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाला.

त्या एका चालीत मात्र त्याला ना काही दिसत होतं, ना हाती चेंडू होता. कामी आली ती अंगवळणी पडलेली शिस्त!